रुपेरी पंखांवरची तीन वर्तुळं

माझ्या टेबलावर अ‍ॅल्युमिनियमचा एक पत्रा गेली कित्येक वर्षं आहे. वहीच्या पानापेक्षा थोडा मोठा, एका कोपऱ्यात दुमडलेला, कडेने स्क्रूंची भोकं. हंटर विमानाच्या पोटावरचं हे झाकण. जुन्या बाजारातल्या भंगारवाल्याने ते वजनावर दिलं, पत्र्याच्या भावात. घरी आणून त्याचा एक कोपरा मी पाणी लावून पॉलिश पेपरने घासत बसलो. वरचा फिकट राखाडी गेला आणि खाली चंदेरी लागला. चंदेरीखाली आणखी एक राखाडी, जरा निळसर. त्याखाली पुन्हा चंदेरी. मग अस्तराचा पिवळसर हिरवा झिंक क्रोमेट आणि शेवटी उघडा धातू. जुन्या वाड्याची भिंत खरवडली की चुन्याच्या एका हाताखाली आधीच्या पिढीचा हात दिसतो, तसं ते होतं. नखाएवढ्या जागेत एका विमानाचं अख्खं आयुष्य उलगडलं होतं.

हे पुस्तक त्या कोपऱ्यातून निघालं. दुसरं महायुद्ध संपल्यावर ब्रिटन आणि फ्रान्सने जी पहिली जेट लढाऊ विमानं बांधली, ती त्यांच्या स्वतःच्या हवाई दलांत जितकी उडाली तितकीच दुसऱ्यांच्या आकाशात उडाली. व्हॅम्पायर, मीटिअर, उरागान, मिस्टेअर, हंटर, सी हॉक. घेणारे देश बरेचसे नवे होते. कुणी नुकतंच स्वतंत्र झालेलं, कुणी राजा घालवून प्रजासत्ताक झालेलं, कुणी शेजाऱ्याशी लढाईच्या तयारीत. विमान विकत मिळत होतं, वैमानिकाला शिकवायला माणूस मिळत होता, सुटे भाग पेट्यांतून येत होते. त्या विमानावर काय रंगवायचं हे मात्र ज्याचं त्याने ठरवायचं होतं. पुढच्या पानांवरची चित्रं त्या ठरवण्याची आहेत. भर अर्थातच भारतीय विमानांवर आहे, कारण ती मला जवळून पाहता आली.

पहिल्यांदा व्हॅम्पायर. नोव्हेंबर १९४८ मध्ये पहिली तीन व्हॅम्पायर भारतात पोचली आणि पुढच्या वर्षी सात क्रमांकाच्या स्क्वाड्रनने ती सेवेत घेतली. आशिया खंडात जेट लढाऊ विमान वापरात आणणारं पहिलं हवाई दल म्हणून आपलं नाव घेतलं जातं ते या विमानामुळे. पुढे बंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या कारखान्यात ती बनूही लागली. जुन्या फोटोंत ही विमानं स्वच्छ चंदेरी दिसतात आणि बघणाऱ्याला वाटतं, हा उघडा धातू आहे. तसं नाही. व्हॅम्पायरचे पंख आणि शेपटीकडे जाणारे दोन दांडे धातूचे होते, पण वैमानिक ज्यात बसायचा तो पुढचा फुगीर भाग लाकडाचा होता. बाल्सा या हलक्या लाकडाच्या दोन्ही बाजूंना प्लायवूड चिकटवून, साच्यात दाबून तो बनवायचे. डी हॅविलंड कंपनीने ही रीत आधी मॉस्किटो या विमानासाठी घोटून तयार केली होती. लाकूड उघडं ठेवता येत नाही. पावसाने फुगतं, उन्हाने तडकतं. त्यामुळे व्हॅम्पायरची चांदी ही रंगाची चांदी आहे, अ‍ॅल्युमिनियमची पूड घातलेल्या लॅकरची. लाकडाचा भाग धातूच्या भागाला जिथे मिळतो तिथे चंदेरीची जात किंचित बदलते. चित्र काढताना ती रेघ दाखवावी लागते. मी दाखवली आहे.

मॉस्किटोच्या लाकडावर एक बारीक विणीचं सुती कापड ताणून चिकटवत आणि मग त्यावर रंग चढवत. आपल्या मांजरपाटासारखं साधं कापड, पण अंगाने तलम. त्याचं इंग्लंडमधलं नाव मॅडापोलम. हे नाव आंध्रच्या किनाऱ्यावरच्या एका गावाचं आहे. त्र्यंबकला उगवलेली आपली गोदावरी समुद्राला मिळते त्या मुलखातलं हे गाव. ईस्ट इंडिया कंपनीची तिथे वखार होती आणि तिथलं कापड विलायतेला जायचं. कापड गेलं, नाव राहिलं आणि दोन-अडीचशे वर्षांनी ते ब्रिटिश विमानाच्या अंगावर चढलं. हे समजलं त्या दिवशी मी बराच वेळ काम बाजूला ठेवून नकाशा बघत बसलो होतो.

आता त्या चंदेरी अंगावर काय होतं ते पाहू. आज भारतीय विमानावर जे गोल चिन्ह आपण पाहतो त्यात बाहेर केशरी, मग पांढरा आणि मध्यभागी हिरवा. पहिल्या व्हॅम्पायरांच्या दिवसांत चिन्ह निराळं होतं. पांढऱ्या वर्तुळावर निळं अशोकचक्र, आऱ्यांसकट. स्वातंत्र्यानंतरची पहिली दोन-अडीच वर्षं आपली लष्करी विमानं हे चक्र घेऊन उडाली. जानेवारी १९५० मध्ये देश प्रजासत्ताक झाला, हवाई दलाच्या नावातला ‘रॉयल’ हा शब्द गेला आणि चक्राच्या जागी तीन रंगांची वर्तुळं आली.

त्याच्याही आधीची गोष्ट सांगायला हवी, नाहीतर या बदलाचं वजन लक्षात येत नाही. विमानावर वर्तुळं काढायची कल्पना मुळात फ्रेंचांची. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी ती उचलली, फक्त रंगांचा क्रम उलटा केला. ब्रिटिश साम्राज्यातलं आपलं हवाई दलही तीच लाल, पांढरी, निळी वर्तुळं वापरत असे. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जपानी आले तेव्हा एक अडचण उभी राहिली. जपानी विमानावर मोठा लाल गोळा असायचा. आपल्या विमानावर मध्यभागी लाल ठिपका. लढाईच्या धुमश्चक्रीत लाल दिसला की बंदुकीचा चाप ओढला जायचा. म्हणून त्या आघाडीवरच्या विमानांवरचा लाल काढून टाकला आणि गडद निळा व फिकट निळा एवढीच दोन वर्तुळं उरली. आपल्या हरिकेन आणि स्पिटफायर विमानांनी ब्रह्मदेशाची मोहीम या निळ्या चिन्हाखाली केली. म्हणजे दहा वर्षांच्या आत भारतीय वैमानिकाच्या पंखावर चार निरनिराळी चिन्हं येऊन गेली. तोच वैमानिक, कित्येकदा तोच तळ आणि तोच रंगारी.

चक्र का बदललं असेल, यावर माझं स्वतःचं मत आहे. आरे जवळून सुंदर दिसतात. शंभर यार्डांवरून ते एकमेकांत मिसळतात आणि उरतो तो निळसर करडा डाग. विमानावरचं चिन्ह रंगाच्या मोठ्या ठोकळ्यांतच बोलतं. शिवाय चक्र नीट काढायला वेळ लागतो. कंपास, पट्टी, स्टेन्सिल आणि स्थिर हात. तीन वर्तुळं कुठल्याही तळावर तासाभरात होतात. तरीही चक्र घेतलेलं व्हॅम्पायर मला या पुस्तकातलं सगळ्यात देखणं विमान वाटतं. त्यात त्या दोन-अडीच वर्षांचा सगळा उमाळा आहे.

ब्रिटिश वर्तुळांचं काय करायचं हा प्रश्न इतरांपुढेही होता. कॅनडाने १९४६ मध्ये मधला लाल ठिपका काढून तिथे मेपलचं पान ठेवलं. ऑस्ट्रेलियाचं ७७ क्रमांकाचं स्क्वाड्रन कोरियात मीटिअर घेऊन लढलं ते ब्रिटिश धाटणीच्या वर्तुळांसकट, आणि लाल कांगारू त्यांच्या विमानांवर आला तो युद्ध संपल्यावर, १९५६ मध्ये. या देशांनी बाहेरचं वर्तुळ तसंच ठेवून आत आपलं काही मांडलं. आपण उलट केलं. वर्तुळांची मांडणी ठेवली आणि रंग बदलले. मला हे फार भारतीय वाटतं. रेल्वे, कचेऱ्या, पलटणींचे बँड यांच्या बाबतीतही आपण हेच केलं आहे.

इजिप्तची विमानं पाहिली तर देशाचं राजकारण वाचायला वर्तमानपत्राची गरज पडत नाही. राजे फारुकांच्या वेळची मीटिअर आणि व्हॅम्पायर हिरव्या-पांढऱ्या-हिरव्या वर्तुळांची, मध्ये चंद्रकोर आणि तीन तारे. राजे गेले तरी हे चिन्ह काही वर्षं टिकलं. फेब्रुवारी १९५८ मध्ये इजिप्त आणि सीरिया एक झाले आणि विमानांवर लाल, पांढरं, काळं आलं, दोन हिरव्या ताऱ्यांसकट. दोन देशांचे दोन तारे. १९६१ मध्ये सीरिया बाहेर पडला, तरी इजिप्तने नाव आणि दोन्ही तारे १९७१ पर्यंत सोडले नाहीत. दहा वर्षं ती विमानं एका न टिकलेल्या एकीची खूण घेऊन उडत होती.

अर्जेंटिनाची हकिकत वेगळी. त्यांनी १९४७ मध्ये एका दमात शंभर मीटिअर घेतली आणि प्रत्येकावर ‘आय’ हे अक्षर आणि आकडा टाकला. १९५५ मध्ये राष्ट्राध्यक्ष पेरोन यांच्याविरुद्ध लष्करात उठाव झाला तेव्हा बंडखोर विमानांवर एक खूण रंगवली गेली. इंग्रजी व्ही अक्षर आणि त्याच्यात क्रूस. अर्थ, ख्रिस्ताचा जय. पुढे पेरोन देशाबाहेर गेल्यावर त्यांच्या अनुयायांनी भिंतींवरच्या याच खुणेत क्रुसाला एक गोलाई जोडली. क्रुसाचा ‘पी’ झाला आणि खुणेचा अर्थ झाला, पेरोन परत येणार. ब्रशच्या एका फटकाऱ्यात घोषणेची बाजू बदलली. राष्ट्राचं अधिकृत चिन्ह दोन्ही बाजूंच्या विमानांवर सारखंच असतं, म्हणून यादवीत माणसाला आणखी एक खूण काढावी लागते.

स्वित्झर्लंडबद्दल थोडक्यात. त्यांनी व्हॅम्पायर इतकी जपून वापरली की ती १९९० पर्यंत उडत राहिली. लाल वर्तुळात पांढरा क्रॉस, इतकी वर्षं, एकही लढाई न लढता. त्या विमानांचे उत्तम रंगीत फोटो भरपूर मिळतात आणि चित्रकाराला त्यात सोडवायचं काही उरत नाही.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त काळ धरून ठेवलं ते उरागानने. मार्सेल दासो यांच्या कारखान्यातलं हे जाडजूड, सरळसोट विमान फेब्रुवारी १९४९ मध्ये पहिल्यांदा उडालं. उरागान म्हणजे झंझावात. भारताने १९५३ मध्ये ते घेतलं, ऑक्टोबरच्या अखेरीला पहिली चार पालमला उतरली आणि आपण त्याला नाव दिलं तूफानी. पुढे ही विमानं शंभरावर गेली. नाव असं बदलणं हाही एक प्रकारे रंग देणंच आहे. हंटर हंटरच राहिलं, मिस्टेअर मिस्टेअरच राहिलं, पण उरागानचं तूफानी झालं आणि तळावरच्या माणसांच्या तोंडी ते असं बसलं की फ्रेंच नाव कागदावरच राहिलं.

तूफानी भारतात आलं ते उघड्या धातूत. रंग जवळजवळ नाहीच. चकचकीत पत्रा, पंखांवर आणि अंगावर तीन वर्तुळं, शेपटीवर तीन रंगांचा पट्टा आणि काळ्या अक्षरात ‘आयसी’पासून सुरू होणारा क्रमांक. आपल्याकडे प्रत्येक जातीच्या विमानाला अशी अक्षरं होती. व्हॅम्पायरला एचबी आणि आयबी, मिस्टेअरला आयए, हंटरला बीए, नॅटला आयई. अक्षरं वाचली की फोटोत शेपटीचा तुकडाच आला असला तरी विमान ओळखता येतं.

त्याच कारखान्यातलं तेच विमान इस्रायलने १९५५ मध्ये घेतलं आणि वरून तपकिरी व निळ्या पट्ट्यांनी मढवलं. तपकिरी वाळवंटासाठी, निळा समुद्रासाठी. देश इतका चिंचोळा की एका चकरेत दोन्हीवरून जावं लागे. त्यांतली काही विमानं १९७०च्या दशकात मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोरला विकली गेली आणि तिसऱ्या देशाच्या चिन्हाखाली उडू लागली. या तिन्हींची चित्रं मी मुद्दाम एकाखाली एक ठेवली आहेत. यंत्र म्हणून त्यांच्यात फरक नाही. रंग पाहिले की कळतं, कुणाला कशाची भीती होती. इस्रायलला पहिल्या दिवसापासून तळावर हल्ला होईल ही धास्ती होती. १९५३ च्या भारताला ती नव्हती. आपल्याला नवं, लखलखतं, प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात वरून गेल्यावर लोकांनी मान वर करून पाहावं असं विमान हवं होतं. यात मी दोष काढत नाही. त्या चकाकीत एक विश्वास होता आणि तो खरा होता.

१९५७ पासून आलेली हंटर मात्र येतानाच रंगलेली होती. वरून गडद हिरवा आणि गडद समुद्री राखाडी, खालून चंदेरी. ही ब्रिटिश हवाई दलाची रंगसंगती. त्यांच्या रंगमानकांच्या यादीत हिरव्याचा क्रमांक ६४१, राखाडीचा ६३८. हे रंग ठरले ते उत्तर युरोपच्या ढगाळ उजेडासाठी, तिथल्या जंगलांसाठी आणि उत्तर समुद्रासाठी. डिसेंबर १९७१ मध्ये जैसलमेरहून उडालेल्या हंटरांनी लोंगेवालाला पाकिस्तानी रणगाडे टिपले ते थरच्या पिवळ्या वाळूवर. समुद्री राखाडी रंग, आणि समुद्र शेकडो मैल दूर. रंग मागवताना कारखान्याच्या यादीतला तयार रंग स्वस्त पडतो आणि लवकर मिळतो, हे त्याचं साधं कारण. भारताने घेतलेल्या हंटरांपैकी काही तर दुसऱ्यांदा रंगलेली होती. बेल्जियम आणि नेदरलंड्समध्ये सेवा करून ती कंपनीकडे परत गेली, दुरुस्त झाली आणि मग आपल्याकडे आली. माझ्या पत्र्यावर चंदेरी दोनदा का लागली, याचा विचार मी याच वाटेने करतो.

हंटरची भारतातली पहिली लढाई गोव्यातली. १८ डिसेंबर १९६१ च्या सकाळी पुण्याहून कॅनबेरा बाँबर विमानांनी दाबोळीची धावपट्टी फोडली आणि बेळगावजवळच्या सांबरा तळावरून १७ क्रमांकाच्या स्क्वाड्रनच्या हंटरांनी बांबोळीचं बिनतारी केंद्र उडवलं. तिकडे दीववर तूफानी गेले. या मोहिमेची हवाई बाजू एअर व्हाइस मार्शल अर्लिक पिंटो यांनी पुण्यातून सांभाळली. पोर्तुगीजांकडे समोर उभं करायला एकही लढाऊ विमान नव्हतं, त्यामुळे आकाशात ओळखीचा प्रश्नच आला नाही. दीववर चंदेरी तूफानी आणि बांबोळीवर हिरवट हंटर एकाच सकाळी गेले, आणि कोण कशात रंगलं आहे याने काही फरक पडला नाही.

फरक पडला तो १९६५ मध्ये. युद्ध सुरू झालं तेव्हा आपली मिस्टेअर आणि नॅट अजून उघड्या धातूत होती. पाकिस्तानची सेबर विमानंही बरीचशी तशीच. दोन्ही बाजूंना चकचकीत, मागे वळलेल्या पंखांची, एकाच अंगलटीची विमानं. पाकिस्तानचं चिन्ह हिरवं आणि पांढरं, आपल्या चिन्हाच्या मध्यभागीही हिरवा. ताशी पाचशे मैलांनी झाडांच्या शेंड्यावरून जाणाऱ्या विमानाची वर्तुळं जमिनीवरच्या तोफखान्याला दिसत नाहीत. दिसते ती चमक आणि आकृती. खरं सांगायचं तर राष्ट्रचिन्ह हे शत्रूला दिसण्यापेक्षा कायद्यासाठी आणि आपल्याच माणसांसाठी असतं. हवाई युद्धाचे नियम १९२३ मध्ये हेगला लिहिले गेले, ते कुणी रीतसर स्वीकारले नाहीत, पण लष्करी विमानावर आपल्या देशाची खूण ठसठशीत असावी ही त्यातली अट सगळ्यांनी पाळली.

६ सप्टेंबर १९६५ च्या संध्याकाळी पठाणकोटवर सेबरचा हल्ला झाला. आपली दहाच्या आसपास विमानं जमिनीवरच गेली. उन्हात उभं असलेलं धातूचं विमान वरून कसं दिसतं, हे उन्हाळ्यात गच्चीवर पातेलं पालथं ठेवलेलं ज्यांनी शेजारच्या इमारतीवरून पाहिलं आहे त्यांना सांगायला नको. त्या युद्धाच्या दिवसांत आणि त्यानंतर घाईघाईने रंगकाम झालं. या रंगकामाला प्रमाण नकाशा नव्हता. मिळेल तो हिरवा, मिळेल तो मातकट, ब्रशने, फवाऱ्याने, रात्री, टॉर्चच्या उजेडात, क्रमांकाभोवती चौकोनी जागा सोडून. ब्रशचे फराटे फोटोत दिसतात. त्याने विमानाचा वेग थोडा कमी होतो, कारण खरखरीत अंगाला हवा अडते. तरी रंगवलं, कारण उभ्या विमानाला वेगाचा काही उपयोग नसतो.

या घाईतल्या रंगांची नोंद फार थोडी झाली, आणि याची मला मनापासून खंत आहे. कुणाच्या पराक्रमाची नोंद कुठून येईल याचा नेम नसतो. ७ सप्टेंबरला सरगोधावर गेलेल्या मिस्टेअरांतले स्क्वाड्रन लीडर देवय्या परत आले नाहीत. आपल्या मिस्टेअरने त्यांनी पाकिस्तानचं कितीतरी वेगवान स्टारफायटर विमान पाडलं, हे आपल्याकडे नीट कळलं ते बऱ्याच वर्षांनी, पलीकडच्या बाजूच्या हकिकती बाहेर आल्यावर. महावीर चक्र मिळालं १९८८ मध्ये, तेवीस वर्षांनी. माणसाची नोंद लागायला तेवीस वर्षं लागतात, तिथे त्याच्या विमानाच्या रंगाची कोण ठेवणार? पण तोच रंग त्या दिवशी त्याच्या पंखांवर होता.

आता फोटोंबद्दल, कारण माझं निम्मं आयुष्य त्यांच्यावर भिंग धरण्यात गेलं. त्या काळचे आपले बहुतेक फोटो काळे-पांढरे. केशरी आणि हिरवा हे दोन रंग काळ्या-पांढऱ्या फिल्मवर सारख्याच करड्या छटेचे उमटू शकतात. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म असेल तर तिला लाल-केशरी दिसतच नाही, ते वर्तुळ जवळजवळ काळं येतं. पॅनक्रोमॅटिकवर तेच फिकट येतं. ढग उठावदार दिसावेत म्हणून छायाचित्रकाराने पिवळा फिल्टर लावला असेल तर आणखी फिकट. त्यामुळे एकाच विमानाच्या दोन फोटोंत बाहेरचं वर्तुळ एकदा काळं आणि एकदा पांढुरकं दिसतं, आणि पाहणारा समजतो की मधल्या काळात चिन्ह बदललं. असा गोंधळ मी स्वतः एका तूफानीच्या बाबतीत पाच-सहा महिने घातला. शेवटी उपाय सापडला तो फोटोतल्या दुसऱ्याच वस्तूत. विमानाशेजारी आगीच्या वाळूची बादली टांगलेली होती. ती लाल असणार. ती काळी आली होती, म्हणजे फिल्म कुठली ते कळलं, आणि वर्तुळाचा हिशेब लागला. तेव्हापासून मी विमानाआधी बादली शोधतो.

नौदलाची विमानं या पुस्तकात कमी पानांत आहेत, पण जीव माझा त्यांच्यातही अडकला आहे. विमानवाहू नौका विक्रांत १९६१ मध्ये आपल्याकडे आली आणि तिच्याबरोबर सी हॉक. वरून अतिगडद समुद्री राखाडी, खालून फिकट हिरवट ‘स्काय’, हे ब्रिटिश नौदलाचेच रंग, आणि इथे ते शोभले, कारण ही विमानं खरोखर समुद्रावर उडायची. ३०० क्रमांकाच्या स्क्वाड्रनचा पांढरा वाघ त्यांच्यावर आला. याच जातीची विमानं १९५६ मध्ये ब्रिटिशांनी सुवेझवर पाठवली तेव्हा त्यांच्या अंगावर ओळखीसाठी पिवळे-काळे पट्टे मारले होते. पुढे आपण काही सी हॉक पश्चिम जर्मनीच्या नौदलाकडून घेतली, म्हणजे त्यांच्याही रंगाखाली दुसरा देश होता. डिसेंबर १९७१ मध्ये विक्रांतवरून उडून त्यांनी कॉक्स बझार आणि चितगाव गाठलं. दाबोळीजवळच्या नौदल विमान संग्रहालयात सी हॉक उभं आहे. गोव्याला जाणाऱ्यांनी समुद्रकिनाऱ्यावरचा एक तास वाचवून तिकडे जावं आणि पंखाची दुमडणारी सांध बघावी. तिथे खाऱ्या हवेने रंगाला काय केलं ते हाताला लागतं.

१९७१ ची मिग-२१ या पुस्तकाच्या कक्षेबाहेर आहेत. नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यात बनणारी ही विमानंही मुळात चंदेरीच होती आणि युद्धाच्या तोंडावर तळातळावर निरनिराळ्या हातांनी रंगली, एवढंच इथे सांगतो. त्यांच्यावर स्वतंत्र पुस्तक व्हायला हवं आणि ते कुणीतरी तरुण माणसाने करावं.

निवृत्त विमानांचं पुढे काय होतं, यावर बोलल्याशिवाय राहवत नाही. बरीचशी भंगारात जातात. काही संस्थांच्या दारात चौथऱ्यावर चढतात. अशा एका चौथऱ्यासमोर मी उभा होतो, गावाचं आणि संस्थेचं नाव लिहीत नाही. विमान नुकतंच रंगवलेलं. जुना रंग न काढता त्यावर दारा-खिडक्यांना मारतात तो तैलरंग फासला होता. क्रमांक बुजला होता आणि वर्तुळं उलटी होती, बाहेर हिरवा आणि आत केशरी. रंगाऱ्याचा दोष नाही, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मी आत जाऊन कागदावर चित्र काढून दिलं. त्यांनी चहा दिला, कागद ठेवून घेतला. तीन वर्षांनी गेलो तेव्हा वर्तुळं तशीच होती. त्या विमानाचा क्रमांक तैलरंगाखाली अजून असेल. पुन्हा रंगवण्याआधी एक माणूस, एक पॉलिश पेपर आणि एक सकाळ एवढंच त्याला पुरेल.

चित्रांबद्दल वाचकाला काही गोष्टी माहीत असाव्यात. प्रत्येक चित्र एका ठरावीक विमानाचं, एका ठरावीक काळातलं आहे. ‘साधारण असं असायचं’ अशा पद्धतीचं चित्र मी काढलेलं नाही. रंग नव्या विमानाचे न दाखवता काही उन्हाळे आणि पावसाळे काढलेल्या विमानाचे दाखवले आहेत, कारण आपल्या उन्हात हिरवा वर्षभरात विटून तपकिरीकडे झुकतो आणि केशरीचा पिवळट होतो. चंदेरी छपाईत नीट येत नाही. मुद्रकाने तीनदा प्रयत्न केला, तिसऱ्यांदा जे आलं ते खऱ्याच्या सगळ्यात जवळचं आहे.

पहिलं चित्र चक्र असलेल्या व्हॅम्पायरचं आहे. त्याला सर्वांत जास्त दिवस लागले, आरे तीनदा पुसून काढले.

शेवटी एक मागणं. ज्यांच्या घरात वडील, काका, आजोबा हवाई दलात किंवा नौदलात होते, मग ते वैमानिक असोत, मेकॅनिक असोत, रंगशाळेतले असोत किंवा भांडारातले, त्यांनी जुना अल्बम एकदा काढावा. बहुतेक घरांत एक फोटो असतोच, विमानाला हात टेकून उभा असलेला, उन्हाने डोळे बारीक केलेला तरुण. फोटो चिकटवलेला असेल तर हलक्या हाताने सोडवून मागची बाजू पाहा. तिथे बहुधा तळाचं नाव आणि साल असतं. विमानाचा क्रमांक अर्धाच आला असला तरी चालेल. कडेला बादली आली असेल तर फारच उत्तम.